सापळ्यात मेलो, चूक कोणाची? रोगलाइक गेमच्या नवख्यांसाठी

अमळनेरला स्टेशन रोडला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं लहानसं दुकान आहे. दुपारी वीज गेली की मशीन बंद, गिऱ्हाईक बंद. सुट्टीला आलेला माझा भाचा मग स्टुलावर बसून मोबाईलवर शॅटर्ड पिक्सल डंजन हा तळघरात उतरत जायचा गेम खेळतो. एकदा असाच खेळता खेळता तो ओरडला, "मावशी, हाई ते चिटिंग शे!"

फोन हातात घेऊन मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तिसरा मजला. एका खोलीत शिरला, चार पावलं चालला, पायाखालचा लपलेला सापळा फुटला आणि विषारी वायू पसरला. हेल्थ होती ९. घाबरून तो आणखी आत पळाला, कोपऱ्यात अडकला, आणि पिशवीतलं अनोळखी पोशन, म्हणजे जादूचं औषध, पिऊन टाकलं. ते निघालं लिक्विड फ्लेम, बाटलीतली आगच. जागच्या जागी पेटला आणि खेळ संपला.

आता हिशेब बघा. तिसऱ्या मजल्यावर हा वायू दर टर्नला, म्हणजे तुमच्या दर पावलाला, एकच हेल्थ खातो. म्हणजे त्याच्या हातात जवळजवळ नऊ टर्न होते. ज्या दारातून आला ते चार पावलांवर होतं, आणि या गेममध्ये दार बंद झालं की वायू पलीकडे जात नाही. मागे वळला असता तर चार-पाच हेल्थ राखून बाहेर पडला असता. एका रद्दी झेरॉक्सच्या पाठीमागे चौकोन आखून मी त्याला हे पाऊल-पाऊल दाखवलं. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला.

मी हे गेम पुष्कळ वर्षं खेळते. नवीन माणूस पहिल्या आठवड्यातच सोडून देतो तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या सापळ्यामुळे. "गेमच फसवा आहे" असं त्याला वाटतं. कधी ते खरं असतं, कधी नसतं. हा फरक ओळखता आला तर खेळ टिकतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी दोन शब्द ओळखीचे

रोगलाइक म्हणजे 'रोग' या गेमच्या वळणाचे गेम. रोग १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी लिहिला, पुढे केन अर्नोल्ड त्यात सामील झाला. स्क्रीनवर चित्रं नव्हती. राक्षस म्हणजे इंग्रजीची कॅपिटल अक्षरं, ए पासून झेड पर्यंत. तळघर दर वेळी नव्यानं तयार होतं, तुम्ही एक पाऊल टाकलं की बाकीचे एक पाऊल टाकतात, आणि मेलात की सगळं पहिल्यापासून. सेव्ह केलेल्या जागी परत जाणं नाही. रोगमध्ये २६व्या मजल्यावरून ताईत आणायचा होता. शॅटर्डमध्ये आणि ब्रोग या दुसऱ्या रोगलाइकमध्येही ताईत २६व्या मजल्यावरच आहे.

मरण कायमचं असल्यामुळेच सापळ्याच्या न्यायाचा प्रश्न इथे इतका टोकदार होतो. साध्या गेममध्ये खड्ड्यात पडलात तर पाच सेकंदांचं नुकसान. इथे तीन तासांची मेहनत जाते.

पायरी पहिली: कोणत्या गेमनं सुरुवात करायची

शॅटर्ड पिक्सल डंजननं करा. अँड्रॉइडवर फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. अमळनेर ते जळगाव गाडीत, मध्ये नेटवर्क गेलं तरी काही अडत नाही, आणि टर्नचा खेळ असल्यामुळे धरणगावला बसायला जागा मिळेपर्यंत फोन खिशात ठेवला तरी गेम तुमची वाट बघत थांबतो. वाताबू या टोपणनावाच्या प्रोग्रामरनं २०१२ मध्ये मूळ पिक्सल डंजन काढला. २०१४ पासून इव्हान डेबेनहॅम त्यावरून शॅटर्ड बनवतो आहे आणि अजून त्यात सुधारणा करतो आहे.

मी याची शिफारस करते याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. सापळ्यांच्या बाबतीत हा गेम नवख्याशी फार विचारानं वागतो. पहिल्या मजल्यावर एकच प्रकारचा सापळा येतो, जुनाट डार्टचा, म्हणजे छोट्या बाणाचा. तो लपलेला नसतो, फरशीवर उघडा दिसतो. त्यावर मुद्दाम पाय दिलात तर साधारण ४ ते ८ चा फटका बसतो, आणि सुरुवातीला तुमची हेल्थ असते २०. म्हणजे सापळा काय चीज आहे हे जीव न जाता कळतं.

पायरी दुसरी: चालण्याआधी वाचा

स्क्रीनवर भिंगाचं बटण आहे. ते एकदा दाबून कुठल्याही चौकोनावर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते लिहून येतं. दिसणारा प्रत्येक नवा सापळा एकदा तरी असा वाचाच. याला टर्न लागत नाही, भूक लागत नाही. सापळ्यांचे रंग आणि आकार ठरलेले आहेत. दहा-बारा खेळांत ते डोळ्यांत बसतात.

सापळ्याआधीची खूणही वाचायला शिका. शॅटर्डमध्ये कधी अशी खोली लागते की आख्खी फरशी सापळ्यांनी भरलेली आणि पलीकडे बक्षीस ठेवलेलं. नवखा एक तर मागे फिरतो, नाहीतर धावत सुटून मरतो. पण अशी खोली असते तेव्हा त्याच मजल्यावर कुठेतरी लेव्हिटेशनचं पोशनही ठेवलेलं असतं, तरंगत पलीकडे जाण्यासाठी. म्हणून आधी बाकीचा मजला पालथा घाला. तिथे एखादं अनोळखी पोशन सापडलं तर ते लेव्हिटेशन असण्याची शक्यता बरीच वाढलेली असते.

ब्रायन वॉकरच्या ब्रोगमध्ये तर हे फारच देखणं केलेलं आहे. चौथऱ्यावर किल्ली ठेवलेली दिसते. ती उचलली की कुठे फरशी कोसळते, कुठे खोलीत पाणी भरतं आणि त्यात ईल मासे फिरू लागतात. किल्ली चौथऱ्यावर एकटी ठेवलेली आहे, हीच खूण. उचलण्याआधी थांबा, बाहेरची वाट बघून ठेवा, जड जखमा असतील तर बरं होऊन या. अशा खोलीत मेले तेव्हा मला गेमचा राग आलेला नाही.

पायरी तिसरी: शोध घ्या, पण हात राखून

शॅटर्डमध्ये भिंगाचं बटण दोनदा दाबलं की तुमचा हिरो आजूबाजूच्या चौकोनांत नीट शोध घेतो, आणि तेवढ्या टप्प्यात लपलेलं जे असेल ते दिसतंच. मग दर दोन पावलांना शोधत का चालू नये? कारण त्याची किंमत आहे. एका शोधाला दोन टर्न जातात आणि भूक मात्र सहा टर्नांएवढी वाढते. भरल्या पोटापासून उपासमारीपर्यंत ४५० टर्न असतात. म्हणजे ७५ शोध घेतलेत की भरलेलं पोट पार रिकामं. एवढं अन्न गेम देत नाही.

चालता चालताही हिरो आपसूक लक्ष ठेवतो. शेजारच्या चौकोनात लपलेला सापळा असेल तर वरच्या मजल्यांवर तो दिसण्याची शक्यता दर पावलाला ४० टक्क्यांच्या जवळ असते, आणि खाली जाल तशी ती ३० टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे दहातले चार सापळे फुकट दिसतात, उरलेले सहा तुमच्या अकलेवर.

तर शोध कुठे घ्यायचा? माझी सवय सांगते. लढाई करायच्या ठरलेल्या जागी घेते, कारण लढताना पाय मागे-पुढे होतात. हेल्थ निम्म्याखाली असताना अनोळखी खोली ओलांडावीच लागली तर घेते. आणि नकाशात कुठे जागा रिकामी, वाट मात्र अचानक संपलेली दिसली तर घेते; तिथे बहुधा गुप्त दार असतं. एरवी ज्या चौकोनांवरून आधी चालले आहे त्यांवरूनच परत चालते. ही साधी सवय, पण नवीन मुलं ती पाळत नाहीत. परतताना नवीन वाटेनं येतात आणि सापडतात.

आपल्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची असते. केळीला पाणी द्यायला मोटर सुरू करायची म्हणून माणूस अंधारात बांधावरून जातो. तो प्रत्येक पावलाला वाकून जमीन तपासत नाही, पहाटच होईल. पायवाट सोडत नाही, काठी आपटत जातो, आणि बॅटरी मारतो ती पाटाजवळ, पाचटाच्या ढिगाजवळ, जिथे जनावर असायची शक्यता असते तिथे. गेममध्ये अगदी असंच चाला.

पायरी चौथी: हेल्थ भरलेली असेल तरच नवीन दार

हा नियम कंटाळवाणा वाटतो. पण सापळ्यांचा न्याय बहुतेक गेममध्ये यावरच उभा असतो: बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं की तुम्ही बऱ्या अवस्थेत आत येणार.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे शॅटर्डमधला ग्रिम ट्रॅप. खालच्या मजल्यांवर येतो, आणि नावाप्रमाणे जीव घेण्यासाठीच आहे. पण त्याच्या रचनेत दोन गोष्टी आहेत. एक, तो कधीच लपलेला नसतो. दोन, तुमची हेल्थ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण असेल तर तो एका फटक्यात मारत नाही. अगदी थोडी धुगधुगी राखून सोडतो. अर्धमेल्या अवस्थेत, घाईनं, समोर दिसत असताना त्यावर पाय दिला तरच मरण. मला हे कळलं तेव्हा त्या बनवणाऱ्याबद्दल खरोखर आदर वाटला. इतका क्रूर सापळा ठेवतानाही त्यानं खेळणाऱ्याचा विचार सोडला नाही.

पायरी पाचवी: आपल्याआधी दुसरं काहीतरी पुढे पाठवा

दिसणाऱ्या सापळ्यावर एखादी वस्तू फेकली की तो तिथेच फुटतो. शॅटर्डमध्ये एखादा फेकायचा दगड किंवा डार्ट पुरतो. वायूचा सापळा असेल तर फेका, दाराबाहेर जा, वायू विरेपर्यंत थांबा. मागे राक्षस लागलेला असेल तर सापळा आपल्या दोघांच्या मध्ये येईल असं उभं राहा आणि तो जवळ आला की फेका. अशा वेळी सापळा तुमच्या बाजूनं लढतो.

डेरेक यूचा स्पेलंकी हा टर्नचा खेळ नाही, हातघाईचा आहे, पण हीच गोष्ट त्यात फार ठसठशीत दिसते. २०१२ च्या आवृत्तीत सुरुवातीला चार हृदयं मिळतात. भिंतीतला बाणाचा सापळा त्यातली दोन एका फटक्यात नेतो. पण तो भिंतीत स्पष्ट दिसतो, त्याच्या समोरून काहीही हललं तरी सुटतो, आणि एकदाच सुटतो. म्हणून पडलेला दगड किंवा मडकं उचलायचं, त्याच्यापुढून फेकायचं, बाण गेला की चालायचं. खाली जमिनीतले सुळे तर वरून पडलात तर थेट मारतात; त्यांच्यातून हळू चालत गेलात तर काहीच होत नाही. नियम कडक आहे, पण तो प्रत्येक वेळी तसाच लागू होतो.

पायरी सहावी: सापडलात की बोट स्क्रीनवरून उचला

टर्नच्या खेळात घड्याळ चालत नाही. तुम्ही दहा मिनिटं विचार केलात तरी वायू एक चौकोनही पुढे सरकणार नाही. सापळा फुटल्या क्षणी फोन टेबलावर पालथा ठेवा, पाणी प्या. मग तीन गोष्टी बघा: दर टर्नला किती हेल्थ जाते आहे, बाहेरची जवळची वाट किती पावलं आहे, पिशवीत ओळखीचं काय आहे. अनोळखी पोशन हा शेवटचा उपाय. दार दिसत असताना त्याला हात लावू नका. भाच्याला मी हा एवढा एकच नियम सक्तीनं पाळायला लावला, आणि पुढच्याच आठवड्यात तो पहिल्यांदा पाचव्या मजल्यावरच्या 'गू' (इंग्रजी Goo) या मोठ्या राक्षसापर्यंत पोहोचला.

पायरी सातवी: वहीत तीन रकाने

मेल्यावर लगेच नवा डाव सुरू करायचा नाही. वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची.

काही खूण होती का? म्हणजे सापळा दिसत होता का, शोधला असता तर सापडला असता का, खोलीचं रूप काही सांगत होतं का.

फुटल्यावर वाचायची वाट होती का? हेल्थ भरलेली असती तर जगलो असतो का, दार जवळ होतं का.

पुढच्या वेळी मी काय वेगळं करीन? या प्रश्नाला नेमकं उत्तर सुचलं पाहिजे. "जपून खेळीन" हे उत्तर धरायचं नाही. "लढाईआधी जागा शोधून घेईन" हे धरायचं.

तिन्ही रकाने भरता आले तर सापळा न्याय्य होता, कितीही राग आला तरी. पहिले दोन्ही रकाने रिकामे राहिले आणि तिसऱ्यात "पुन्हा असंच झालं तर पुन्हा मरीन" एवढंच लिहिता येत असेल, तर तो सापळा अन्यायाचा. सापळा किती जोरानं मारतो याचा या निकालाशी संबंध नाही. चार हेल्थ नेणारा सापळाही अन्यायाचा असू शकतो.

खरोखर अन्याय असतो तेव्हा

तो असतो. नेटहॅक या १९८७ पासूनच्या गेमवर माझं मनापासून प्रेम आहे, तरी त्यातला डार्टचा सापळा मला कधी पटला नाही. अगदी पहिल्या लेव्हललाही तो लपून असू शकतो. सुमारे सहात एक डार्ट विषारी असतो. विष बहुतेक वेळा थोडी आणखी हेल्थ नेऊन किंवा अंगातली एखादी क्षमता कमी करून थांबतं, पण क्वचित जागीच ठार करतं, हेल्थ कितीही असली तरी. शोधावा म्हटलं तर तिथे शोध हमखास लागत नाही: एस दाबलं की आजूबाजूचे आठ चौकोन तपासले जातात, आणि नशीब सामान्य असताना सापळा दिसण्याची शक्यता दर टर्नला आठात एक. पंधरा टर्न एका जागी उभं राहून शोधलं तरी शंका उरतेच. असं प्रत्येक पावलाला कुणी खेळू शकत नाही. माझ्या वहीत या मरणापुढे पहिले दोन्ही रकाने रिकामे आहेत.

पण नेटहॅक हे एखाद्या जुन्या गावासारखं आहे. गावात बिनकठड्याची विहीर गवतात असते. गावच्या पोरासोराला ती माहीत असते, रात्रीही त्यांचे पाय आपोआप वळतात. पाहुणा मात्र पडतो. नेटहॅकच्या लोकांनी चाळीस वर्षांत आपापसांत हे ज्ञान वाटून ठेवलं आहे, आणि गेम ते तुम्हाला माहीत असल्यासारखा वागतो. म्हणून तिथे जाताना गावकऱ्यांचा सल्ला घेऊन जा. सुरुवात बार्बेरियन किंवा हीलर या पात्रानं करा. दोघांना विषाची बाधा होत नाही, त्यामुळे डार्टचा तो प्रश्नच मिटतो. सापडलेला सापळा टोपीसारख्या ^ चिन्हानं दिसतो. त्याच्या शेजारी उभं राहून तेच चिन्ह दाबून दिशा दिली की सापळा कोणता ते कळतं. आणि हेही सांगितलं पाहिजे की नेटहॅक सगळीकडे निर्दय नाही. भूसुरुंग सहाव्या लेव्हलच्या आधी ठेवले जात नाहीत, सुळ्यांचे खड्डे पाचव्याच्या आधी नाहीत.

डंजन क्रॉल स्टोन सूपवाल्यांनी याच्या उलट वाट धरली. लिनली हेन्झेलच्या १९९७ च्या क्रॉलवरून २००६ मध्ये हा गेम निघाला. बाहेरची गुपितं न वाचताही गेम जिंकता आला पाहिजे, असं त्याच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे. त्यांनी हळूहळू लपलेले सापळे आणि शोधाचं बटण दोन्ही काढून टाकलं. आता सापळे उघडे दिसतात. नवीन भाग धुंडाळताना कधी अचानक खालच्या मजल्यावर पडता, कधी टेलिपोर्ट होता, म्हणजे एकदम दुसऱ्याच जागी फेकले जाता, कधी अलार्म वाजतो; पण या गोष्टी स्वतः जीव घेत नाहीत, अडचणीत टाकतात, आणि सुटायचं काम तुमच्यावर सोडतात. ज्यांना दर पावलाला शंका घेत चालण्याचा जाच होतो त्यांनी शॅटर्डनंतर सरळ क्रॉलकडे जावं, असं मी म्हणेन. गुपितांची आवड असेल तर नेटहॅक.

भाच्याची वही आता अर्धी भरली आहे. एका नोंदीवर मात्र आमचं अजून जमत नाही. चौथा मजला, हेल्थ पूर्ण, लपलेल्या टेलिपोर्टच्या सापळ्यानं त्याला उचललं आणि तीन राक्षसांच्या मधोमध टाकलं. तो म्हणतो खूण नव्हती, वाट नव्हती, अन्याय. मी म्हणते सापळ्यानं एकही हेल्थ नेली नाही, आणि दोन पावलांवर बोळ होता, जिथे एका वेळी एकच राक्षस समोर आला असता. त्यावर तो म्हणतो, बोळापर्यंत पोहोचेपर्यंत तिघांचे फटके कोण खाईल? दुकानात वीज आली, त्या दिवशी वाद तिथेच थांबला. दुसरा रकाना आम्ही कोराच ठेवला आहे.